खोल स्थानातून उठलेला स्वर

वाचकहो, स्तोत्रसंहितेतील 130 वे स्तोत्र आपल्या परिचयाचे आहे. पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांत त्याची गणना पूर्वापार होत आली आहे. त्याच स्तोत्रावर मार्टिन ल्यूथर यांनी ‘आउस टीफर नोट’ हे जर्मन गीत रचले. त्याच्या जन्माचा व चालींचा आज विचार करू.

1523 च्या अखेरीस ल्यूथर यांनी गेओर्ग श्पालाटिन यांना पत्र लिहून स्तोत्रांवर आधारित जर्मन गीते रचण्याची विनंती केली. दरबारी शब्द टाळावेत, साध्या माणसाला उमजेल अशी भाषा योजावी, मात्र स्तोत्राचा आशय ढळू देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मंडळीने केवळ ऐकू नये, स्वतः गावे, हा त्यामागील हेतू.

1524 साली न्यूरेंबर्ग येथे आठ गीतांची पुस्तिका निघाली. तीत हे गीत चार कडव्यांचे होते व त्याला स्वतःची चालही नव्हती. ते पाउल श्पेराटुस यांच्या गीताच्या चालीवर गावयाचे होते. त्याच वर्षी विटेनबर्गच्या योहान वाल्टर यांच्या संग्रहात ते पाच कडव्यांचे झाले. पापक्षमा सत्कर्मांनी नव्हे, केवळ कृपेने लाभते, हे सत्य या विस्तारात अधिक स्पष्ट झाले.

या संग्रहातील चाल बहुधा ल्यूथर यांचीच असावी. तिचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत. ती पंचमावर आरंभ करते आणि लगेच षड्जावर उतरते; ‘खोल’ या अर्थाचा शब्द नेमका तेथेच येतो. मग ती पुन्हा पंचमावर चढून कोमल धैवताला स्पर्श करते. गर्तेतून उठलेली हाक जणू स्वरांतच ऐकू येते. स्ट्रासबुर्ग येथे याच गीताला दुसरी चाल लाभली. तिचे स्वर बिलावल थाटाप्रमाणे शुद्ध आहेत. पहिलीत आक्रोश आहे, दुसरीत शांत प्रतीक्षा; आणि मूळ स्तोत्रात दोन्ही आहेत.

1525 साली सॅक्सनीचे अधिपती फ्रेडरिक यांच्या अंत्यविधीत हे गीत गायिले गेले. 1546 साली ल्यूथर यांचे शव हाले नगरात आणले गेले, तेव्हा लोकांनी तेच गायिले. पश्चात्तापाचे गीत मृत्यूच्या प्रसंगी का? कारण तेथे मनुष्याजवळ दाखविण्याजोगे स्वतःचे पुण्य उरत नाही. देवाच्या कृपेचाच आधार उरतो.

आज हे स्तोत्र सावकाश वाचा. हाक कोठे संपते व प्रतीक्षा कोठे सुरू होते, ते शोधा. आणि आपण स्वतः त्यातील कोणत्या ओवीशी उभे आहोत, हेही मनाला विचारा.