नाडीच्या जागची जखम आणि ट्यूबचं मलम

प्रश्न : आईच्या कमरेवर, परकराच्या नाडीच्या जागी झालेला त्वचेचा कर्करोग चार महिन्यांपूर्वी काढला. आता व्रणाशेजारी खाज येते. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावू का? – एक वाचक, वारजे

उत्तर : ट्यूब आजच बंद ठेवा. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असतं. त्यानं खाज शमते, त्वचा पातळ होते आणि खालचा बदल झाकला जातो. म्हणून तर 2018 पासून स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. खाज साधी असेलही, पण नवी गाठ, खरखरीत खपली किंवा न भरणारी जखम दिसली तर तुकडा तपासायलाच हवा.

हा आजार नवा नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. खानोलकर यांनी 1945 मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखालच्या कर्करोगाबद्दल लिहिलं होतं. तोच काच नाडीचा. रुंद पट्टा शिवून घ्या, सैल बांधा, जागा बदलत राहा.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. आजार उलटतो तो बहुतेक याच काळात. डॉक्टर जांघेत आणि काखेत गाठी चाचपतील. जाताना पॅथॉलॉजीचा जुना रिपोर्ट न्या, आणि ती ट्यूबही.