कुपीआधी एक्स-रे

आमची शेरी वयाने उतरणीला लागलेली लॅब्रेडोर. मागचा पाय ती टेकेनाशी झाली, तेव्हा पाळीव प्राण्यांच्या एका दुकानदाराने कुपी पुढे केली. ‘बीपीसी-१५७. पेप्टाइड आहे, एकदम नॅचरल. टोचा, पळायला लागेल.’ भर मे महिन्यात ती कुपी उघड्या फळीवर ठेवलेली होती. लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत मात्र लिहिलेले, की हे फक्त संशोधनासाठी. माणसांना वा जनावरांना देण्यासाठी नाही. आम्ही लेबलचा फोटो काढला आणि थेट पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी नीट समजावले. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. अडलेल्या कुत्रीला कळा याव्यात म्हणून देतात ते ऑक्सिटोसिन ९ अमिनो आम्लांचे, मधुमेहातले इन्सुलिन ५१ चे. ही पारखलेली औषधे. बीपीसी-१५७ मध्ये १५ आहेत, पण त्यावरचे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. कुत्र्यांसाठी मान्यताप्राप्त मात्राच नाही. त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, असे त्या प्रयोगांत दिसते. मोठ्या जातीच्या वयस्क कुत्र्याच्या लंगडण्यामागे कधी हाडाचा कर्करोग असतो. तसे असेल, तर गाठीलाच रक्त पुरवल्यासारखे व्हायचे!

एक्स-रेत शेरीच्या खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. वजन उतरवले, गुळगुळीत फरशीवर रबरी चटया अंथरल्या, रक्त तपासून मूत्रपिंड-यकृत ठीक असल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी मेलोक्सिकॅम सुरू केले. आता ती चारही पाय टेकून फिरायला येते.

म्हणून कळकळीने सांगते:

• लंगडण्याचे कारण कळल्याशिवाय कोणतेही इंजेक्शन नको.

• परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नसेल, तर ती कुपी घरात आणू नका.

• इन्सुलिन चालू असेल, तर सिरिंज जुळवून घ्या. आपल्याकडे ४० आणि १०० युनिटची दोन्ही मिळतात. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम खाली येऊन जिवावर बेतते.

• घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

• आधीच काही टोचले असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. काय दिले आणि किती दिले, हे कळले तरच पुढचे औषध बेताने देता येते.

मुक्या जिवाला नको म्हणता येत नाही. त्याच्या वतीने चार प्रश्न विचारणे आपलेच काम.