कातडी भरली, डोळ्यांचं काय?

प्रश्न : भाच्याला फिटची नवी गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ताप आला, तोंड आलं, अंगावर फोड उठून साल निघू लागली. डॉक्टरांनी ‘स्टीव्हन्स-जॉन्सन’ सांगितलं. आता कातडी भरतेय, तरी डोळ्यांचे डॉक्टर रोज येऊन बघतात. डोळ्यांना धोका आहे का, हे आधी कळतं का?
– एक वाचक, जुहू

उत्तर : बऱ्याच अंशी कळतं, पण कातडीकडे बघून नाही. साल अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागावर निघाली तरी डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. २००० साली आलेली ‘स्कोर्टेन’ ही सात निकषांची पद्धत वय, नाडी, रक्तातली साखर, युरिया वगैरे धरून जिवाचा धोका सांगते. डोळ्यांसाठी तिच्यावर विसंबू नये.

डोळ्यांचं पुढचं डोळ्यांतच दिसतं, तेही पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत. डॉक्टर केशरी रंगाची पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवतात आणि निळा प्रकाश टाकतात. बुबुळावरचा वरचा थर जिथे सोलला असेल, तेवढी जागा हिरवी चमकते. मग पापणी उलटून आत पांढुरका पापुद्रा धरलाय का ते बघतात. क्योटोच्या चिए सोतोझोनो आणि सहकाऱ्यांनी याच खुणांवरून श्रेणी लावली : नुसती लाली असेल तर १, सोललेली जागा किंवा पापुद्रा असेल तर २, दोन्ही असतील तर ३. कमी वयाच्या रुग्णांत, आणि सर्दीच्या किंवा वेदनाशामक गोळ्यांनंतर, डोळ्यांचा त्रास जास्त तीव्र असल्याचंही त्यांना आढळलं.

वरची श्रेणी दिसली तर वाट बघण्यात अर्थ नाही. बाळंतपणात दान मिळालेल्या वारेचा पातळ पडदा डोळ्यावर आणि पापण्यांच्या आत बसवतात. सुरुवातीच्या दिवसांत बसवला तर पापणी डोळ्याला चिकटणं बरंच टळतं. (भाजलेल्या जखमांसाठी हाच पडदा परळच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत तयार होतो.) म्हणून त्वचा आणि नेत्र हे दोन्ही विभाग असलेलं रुग्णालय बरं, तुमच्याजवळचं कूपर तसं आहे.

घरी आल्यावरही तपासणी सोडू नका. पापणीची कड खरखरीत होते आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळ घासत राहते. हे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उमटतं. उजेड सहन होईना, डोळे कोरडे पडले, तर लगेच दाखवा. आणि त्या गोळीचं नाव भाच्याच्या पाकिटात कायम लिहून ठेवा. ती कार्बामाझेपिन असेल, तर फेनिटॉइनसारख्या तिच्या जातीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.