मोठी रिम, फसवा वेगमापक

ठाणे-डोंबिवलीच्या रस्त्यांवर मूळ चाके काढून मोठ्या, चकचकीत ॲलॉय रिमा बसवलेल्या मोटारी तुम्ही पाहिल्या असतील. नटांची भोके जुळली की रिम बसते. पण तेवढे पुरे नाही. थोडे गणितही करावे लागते.

टायरवर १७५/६५ आर १४ असे आकडे असतात. १७५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. टायरच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे ११३.७५ मिमी. १४ हा रिमचा व्यास, इंचांत, म्हणजे ३५५.६ मिमी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते. म्हणून चाकाचा पूर्ण व्यास ३५५.६ + २२७.५ = ५८३.१ मिमी.

आता १५ इंची रिमवर १८५/६५ टायर चढवला तर? व्यास ६२१.५ मिमी होईल. वेगमापकाला चाकाचे फेरे तेवढे कळतात. चाक मोठे झाल्याचे त्याला काय ठाऊक! मुळात अचूक असलेला मापक ताशी ६० किमी दाखवील, तेव्हा गाडी सुमारे ६४ ने धावत असेल. त्याऐवजी १८५/५५ घेतला, तर व्यास ५८४.५ मिमी, फरक नगण्य.

मात्र भिंत १२ मिमीने कमी झाली. पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्यावर चाक खड्ड्यात आदळले, तर धक्का झेलणारी हवेची गादी तेवढी पातळ; रिम वाकण्याचा धोका अधिक.

घराजवळच्या उभ्या मोटारीच्या चाकाचा व्यास आकड्यांवरून काढा, मग त्याची उंची पट्टीने मोजा. ती किंचित कमी का भरते, सांगा पाहू?