साइट जालन्याची, सर्व्हर अमेरिकेत

प्रश्न : आमचं बियाण्यांचं दुकान आहे. वेबसाइटवर वाणांचे फोटो, माहितीपत्रकं आहेत, पण खेड्यातल्या मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. सर्व्हर अमेरिकेत आहे. सीडीएन घ्यावं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : घ्या, पण आधी फोटो हलके करा. मोबाइलवरून थेट चढवलेला पाच एमबीचा फोटो कुठूनही आला तरी जडच. आकार लहान करून वेबपी स्वरूपात ठेवलात, तर तो बहुधा २०० केबीच्या आत येईल.

बाकी सीडीएन तुम्हाला काय समजवायचं? घनसावंगीचा शेतकरी एका पिशवीसाठी कंपनीच्या गोदामात जात नाही. माल जवळच्या कृषी सेवा केंद्रात असतो. सीडीएनही तसंच, फाइलींच्या प्रती जवळच्या केंद्रात ठेवतं. क्लाउडफ्लेअर, अ‍ॅमेझॉन क्लाउडफ्रंट या सीडीएन सेवांची अशी केंद्रं मुंबईत आहेत. पहिल्या मागणीला फाइल अमेरिकेतून येते, नंतर मुंबईत साठवलेली प्रत मिळते.

क्लाउडफ्लेअरची मोफत योजना तुम्हाला पुरेल. त्यात डोमेनचे नेमसर्व्हर बदलावे लागतात. त्याआधी ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी तिकडे आल्यात ना, हे बघाच. नाहीतर साइट पळेल आणि ऑर्डरचे मेल बंद पडतील.

खरी डोकेदुखी जुन्या मालाची. दरपत्रक बदललं तरी गिऱ्हाइकाला जुनंच दिसतं. पिशवीवर लॉट नंबर असतो, तसा फाइलच्या नावात आवृत्ती क्रमांक घाला. अशा फाइलींना मॅक्स-एज, म्हणजे प्रत साठवायची मुदत, ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष द्या. त्यांचे दुवे असलेल्या एचटीएमएल पानाला मात्र पाच मिनिटंच.