वाटण्या २८०, उत्तरे १६८०

प्रश्न : नऊ विद्यार्थ्यांचे तिघा-तिघांचे तीन गट पाडायचे मॉडेल मिनिझिंकमध्ये लिहिले. सगळी उत्तरे मागितली तर १६८० येतात आणि त्यांत तीच वाटणी पुन्हा पुन्हा दिसते. सॉल्व्हर चुकतोय का?

उत्तर : सॉल्व्हरचा दोष नाही. तुमच्या लेखी गट १ आणि गट २ सारखेच. त्याच्या लेखी वेगळे. तीन गटांना क्रमांक सहा प्रकारे देता येतात, म्हणून खऱ्या २८० वाटण्या सहापट होऊन येतात. जुळी उत्तरे मागाहून चाळत बसू नका, शोधात गेलेला वेळ तोवर गेलेलाच असतो. मॉडेलमध्येच नियम घाला : पहिला विद्यार्थी गट १ मध्ये, आणि गट २ उघडल्याशिवाय ३ उघडायचा नाही. म्हणजे दुसरा विद्यार्थी १ किंवा २ मध्येच बसेल. यासाठी 'व्हॅल्यू प्रिसीड चेन' हे कन्स्ट्रेंट तयारच मिळते. मात्र एक गट प्रयोगशाळेत, दुसरा ग्रंथालयात असे काही ठरले असेल, तर हाच नियम खरी उत्तरेही खाईल.

तरीही जुळी उरली, तर मदतीला घेतलेली व्हेरिएबल्स तपासा. एखाद्याची किंमत वाटणीवरून ठरत नसेल, तर ते मोकाट फिरते आणि सॉल्व्हर एकच वाटणी पुन्हा मोजतो.