मेळाव्याला पोरं पाठवताना

यवतमाळ जिल्ह्यात उमरी, दारव्हा, वणी इथं जुन्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. झरी-मारेगावकडं मात्र एखाद्या गावात ख्रिस्ती घरं दोन-तीनच. तिथल्या मुलाला विश्वासातला, आपल्या वयाचा सोबती भेटतो तो युवा मेळाव्यातच. १९५३ पासून यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, तेव्हा शिकायला आलेले तरुण शहरातच दिसत. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. म्हणून मेळाव्याचं मोल मला फार वाटतं. तरुण संघासोबत जाता-येता जे शिकले, ते लिहिते.

१. तारीख ठरवण्याआधी कापसाकडं बघा. दिवाळीची सुटी सोयीची वाटते, पण तेव्हाच वेचणी जोरात असते. मजुरी किलोवर मिळते. पोरगं चार दिवस गेलं की घरचा पैसा बुडतो. मे महिन्यात ऊन आणि पाणी दोन्हींची पंचाईत. निळोणा आणि चापडोह धरणं आटल्यावर यवतमाळचे काय हाल होतात, ते २०१८ मध्ये सगळ्यांनी भोगलं. नाताळानंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे.

२. आईबापाला घरी जाऊन भेटा. पाळकांची चिठ्ठी पुरत नाही. झरीकडच्या एका आईनं मला विचारलं होतं, "बाई, पोरीईसंगं रात्री कोण रायते?" हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो, विचारतात थोड्याच. तिनं विचारायच्या आत सांगावं: मुली कुठल्या खोलीत झोपतील, सोबत बाई कोण, परतायची गाडी कोणती. अठरा वर्षांखालच्यांसाठी लेखी संमती घ्यावीच.

३. वर्गणी भरता येत नाही म्हणून कुणी मागं राहू नये, आणि कुणाची भरली हे मंडळीत वाचून दाखवू नये. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मुलींचा खर्च तेवढा हलका झाला. माणसं जास्त असली तर प्रासंगिक करारावर गाडी घ्यावी, म्हणजे कुणाची चुकामूक होत नाही.

४. सिकलसेलचं आधी विचारा. आपल्या विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि पोरं सांगत नाहीत. लग्नाच्या वयाच्या मुली तर नाहीच नाही. एका मेळाव्यात रात्रभर प्रार्थना चालली होती, थंडी कडाक्याची. एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन मागच्या सतरंजीवर पडला होता. जवळच्यांना वाटलं, प्रार्थनेत आहे. त्याचे हातपाय ठणकत होते, ओठ सुकले होते. उपास म्हणून दिवसभर त्यानं पाणीही घेतलं नव्हतं. रात्रीच त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, सलाइन लागल्यावर दुपारपर्यंत उतार पडला.

थंडी, अतिश्रम, ताप आणि शरीरातलं पाणी कमी होणं, यांनी या आजाराची कळ उठते. तेव्हा अशा मुलांना निर्जळी उपास सांगूच नये. पाण्याची बाटली हाताशी, जास्तीचं ब्लँकेट, रोजची गोळी चुकू न देणं आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर, एवढी तयारी ठेवावी. नावनोंदणीच्या कागदावर हा प्रश्न असावा, पण तो कागद एकाच जबाबदार माणसाकडं राहावा. आणि सगळ्या पोरांना स्पष्ट सांगावं की हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, एका ताटात जेवल्यानं लागत नाही.

५. भाषणं कमी, जेवणाची पंगत लांब. कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी मुलं सभेत गप्प असतात, ताटावर बोलू लागतात.

६. परत आल्यावरचा रविवार सगळ्यात महत्त्वाचा. मुलं साक्ष देतात, वडीलमंडळी डोळे पुसतात, आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी काही काम नसतं! याचं मला फार वाईट वाटतं. शब्बाथ शाळेचा एक वर्ग द्या, शास्त्रवाचन द्या. ती गिटारवर हिंदी गीतं गातील, गाऊ द्या. त्याच पोरांना ढोलक आणि टाळ देऊन 'उपासना संगीत' पुस्तकातली जुनी गीतं शिकवायला म्हाताऱ्यांनी बसावं. आमच्याकडं असं बसतात.

मेळाव्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप महिन्याभरात थंडावतो. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गावी प्रार्थना ठेवतो, दर वेळी गाव वेगळं. चहा-पोहे यजमानांचे, आणि शेवटची एसटी सुटायच्या आत सभा संपवायची.